मधलं काम

डबा ठेवायला म्हणून नीलूचं दप्तर उघडलं आणि हाताला केस लागले. वहीत अडकलेला एखादा तुटका केस नव्हे. हातभर लांबीची आख्खी वेणी होती, तीन पेडांची, घट्ट, खालच्या टोकाला लाल रिबिनीचं फूल तसंच बांधलेलं. वरचं टोक मात्र तिरपं, दातरं. कात्री दोनतीनदा चालवावी लागली असावी. मी आधी नीलूच्या डोक्याकडे पाहिलं. तिच्या दोन्ही वेण्या जागच्या जागी होत्या, दहा मिनिटांपूर्वी मीच घातलेल्या, वर दुमडून बांधलेल्या. शाळेत दुमडलेलीच वेणी चालते. शाळा सुटली की पोरी फाटकाबाहेर येऊन वेण्या मोकळ्या सोडतात आणि रिबीन टोकाला बांधतात. ही वेणी मोकळी होती. म्हणजे हे काल शाळा सुटल्यावर झालं होतं. तव्यावर पोळी जळत होती, हातात कुणाच्या तरी मुलीचे केस होते, आणि माझं डोकं पोलिसासारखं चाललं होतं.

"काय आहे वं हे?"

नीलू मोजे घालत होती. तिनं वर पाहिलं, स्वतःच्या कपाळावर चट्‌ असा हात मारला आणि हसली.

"कोनाची आहे?"

"माहीत नाई."

"दप्तरात कशी आली?"

"माहीत नाई."

हे 'माहीत नाई' मी तेरा वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते मला उत्तर वाटतच नाही, दार लावल्याचा आवाज वाटतो. आणि ते हसणं. नीलू नको तिथे हसते. सासरे गेले तेव्हा लोक बसायला येत होते आणि ही दारात उभी राहून हसत होती. तेव्हा सातेक वर्षांची असेल. विक्कीनं, माझ्या नवऱ्यानं, तिला आत नेलं, म्हणाला, घाबरली आहे पोट्टी. विक्कीला तिच्याबद्दल सगळं सोपं वाटतं. तो रेल्वेत ट्रॅकमन आहे, सकाळी काठी आणि हातोडा घेऊन गँगबरोबर रुळांवरून चालत जातो, मोठमोठ्यानं बोलत. कारण नागभीडच्या पुढे रुळाच्या दोन्ही अंगांना जंगल आहे आणि आवाज केला की जनावर बाजूला होतं. दिवसभर बोलून बोलून तो घरी येतो तेव्हा त्याच्याकडे शब्द उरत नाहीत, म्हणून कदाचित त्याला मुलीत काही उणं दिसत नाही. मी जळकी पोळी बाजूला काढली. वेणी कागदाच्या रिमांखाली टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नीलूनं ड्रॉवर बंद होताना पाहिला, तोंड उघडलं, मिटलं, दप्तर उचललं आणि गेली. ती गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत मी खिडकीतून तिची पाठ पाहत होते. चोर असा चालतो का, हे मी पाहत होते.

ड्रॉवरमध्ये आणखी एक गोष्ट होती आणि वेणी मी नेमकी तिच्यावरच ठेवली, हे मुद्दाम नव्हतं, पण झालं तसं. मी घरी टायपिंग करते. लग्न झालं तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, पोटात नीलू असताना शेवटचे पेपर दिले, बोटं मात्र कॉलेजात शिकलेल्या मराठी टायपिंगला जागली. ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची एम.एड., पीएच.डी.ची मंडळी हस्तलिखितं पाठवतात. मी ती टाइप करते, कच्चं मराठी जमलं तर सरळ करून देते. गेल्या पावसाळ्यात एका सरांचा प्रबंध आला. किशोरवयीन मुलींची भाषिक कौशल्ये, कार्यकारी कार्ये आणि समाजविरोधी वर्तन. पहिल्या दिवशी मला 'कार्यकारी कार्ये' म्हणजे ग्रामपंचायतीचं काही वाटलं. मग तिसऱ्या प्रकरणात कळलं: सांगितलेलं काम मनात धरून ठेवणं, हात आवरणं, आधी काय आणि नंतर काय ते लावणं. घडलेली गोष्ट क्रमानं सांगता न येणं, पुढे लिहिलं होतं. प्रश्नाला अपुरं उत्तर देऊन गप्प होणं. प्रसंगाला न शोभणारे हावभाव. कुणी अनोळखी माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून नीलूवर लिहीत होता आणि मी त्याचं शुद्धलेखन तपासत होते. शेवटी परिशिष्टात पालकांसाठी प्रश्नावली होती, बेचाळीस प्रश्न. मूल इतरांच्या वस्तू न विचारता घेते का. मूल इतर मुलींना शारीरिक इजा करते का. मूल आपल्या कृत्याबद्दल खोटे बोलते का. कधीच नाही, कधी कधी, नेहमी. मी एक प्रत जास्तीची छापली आणि दुपारी दार लावून भरली. तीच प्रत ड्रॉवरमध्ये होती. सरांनी प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य लिहिलं होतं, की वाईट वागणाऱ्या काही मुलींची भाषा कच्ची आढळली म्हणून भाषा कच्ची असलेली प्रत्येक मुलगी वाईट वागेल असा उलटा अर्थ काढू नये. ते वाक्य लांब होतं. मी ते तोडून दोन वाक्यं केली, नीट वाचलं जावं म्हणून, आणि पुढच्या पानावर गेले.

त्यानंतर मी परीक्षा घ्यायला लागले. नीलूला कळू न देता. तीन कामं एकदम सांगायची आणि पाहायचं. वर जाऊन मिरच्या उचल, गल्लीतल्या खातूनभाभीकडून सुई आण, येताना नळ बंद कर. ती मिरच्या आणायची आणि नळ बंद करायची. मधलं काम गळून जायचं. परत परत. पहिलं आणि शेवटचं राहायचं, मधलं जायचं, जसं पोत्याला मधेच भोक असावं. मी एका जुन्या डायरीत तारखेसह लिहीत गेले. यात आईचं काय होतं आणि टायपिस्टचं काय, मला सांगता येणार नाही. कधी वाटायचं, हे माझ्यामुळेच झालं. ती बोलायला लागायच्या वयात मी घरी टायपिंगचं काम घ्यायला लागले. ती मांडीवर आणि मी दुसऱ्यांची वाक्यं बडवते आहे. साडेतीन वर्षांची होईस्तोवर ती नीट बोलली नाही. सासूबाई म्हणायच्या, फुटेल वाचा, बापाची पण उशिरा फुटली. वाचा फुटली, पण मातीचं मडकं फुटावं तशी, तुकड्यातुकड्यांनी. सहावीत तिनं वर्गातल्या एका मुलीच्या दंडाला चावा घेतला. मी विचारलं काऊन चावली, तर म्हणाली, "ते पाणी... नाई, आधी ती... मी नाई, मग बाटली..." आणि मग दार लागलं. माहीत नाई. मी तिला एक चापट मारली. त्यात पाणी होतं, बाटली होती, 'आधी ती' होतं. मी ते तुकडे जुळवून पाहिले नाहीत. मला आख्खं वाक्य हवं होतं.

काल संध्याकाळीही मी तीन कामं दिली होती. गिरणीतून पीठ आण, नूरचाचांच्या दुकानात रजईची खोळ देऊन ये, येताना कोथिंबीर. थंडी तोंडावर आली आहे, धान कापणी चालू आहे, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी नूर मोहम्मदचाचांचं गाद्यांचं दुकान या दिवसांत सकाळपासून धडधडत असतं. लोक दबून दगड झालेल्या गाद्या-रजया आणतात, चाचा रुई मशीनवर पिंजून पुन्हा भरून देतात. गल्लीत कुणाच्याही भुवयांवर पांढरं बसलेलं असतं. नीलू खूप उशिरा आली. पीठ नाही, कोथिंबीर नाही. खोळ मात्र दिली होती. मी डायरीत लिहिलं: आज उलट, फक्त मधलं केलं. का? त्या 'का'खाली मी रेघ मारली. आता वेणी पुन्हा बाहेर काढून उजेडात धरली तर पेडांमध्ये पांढरे बारीक तंतू होते. रुई. म्हणजे दुकानात. दुकानात खोळी कापायची ती लांब काळी कात्री, जी नूरचाचांच्या मांडीशी कायम पडलेली असते. आणि दुकानात शाळेनंतर असतेच असते ती चाचांची नात, खातूनभाभीची मदीहा, नीलूच्याच वर्गातली, कमरेपर्यंत वेण्यांची. माझं सगळं जुळत गेलं. जागा, वेळ, हत्यार, मुलगी. इतकं सरळ जुळलेलं पाहून मला भीतीच्या आत कुठेतरी समाधान वाटलं, हे मला आज लिहायलाच हवं. प्रश्न अठ्ठावीस: मूल जवळच्या मैत्रिणींनाही त्रास देते का. तिथे मी 'कधी कधी' भरलं होतं. मी पेन घेतलं आणि ते खोडून 'नेहमी' केलं.

शाळेतून फोन साडेअकराला आला. नीलूच्या वर्गशिक्षिका अन्नपूर्णा मॅडम. "जरा येऊन जाता का?" इतकंच. शाळेपर्यंत पंधरा मिनिटांची वाट आहे, आणि मी ती नेहमीप्रमाणे भिंतीकडेनं चालले. मला पाठ उघडी ठेवून चालवत नाही. माझं माहेर इथून तीन कोसांवर, जंगलाला लागून. मी नऊ वर्षांची असताना शेजारची सुकरीमावशी बांधावर गवत कापायला वाकली होती आणि वाघानं तिला मागून नेली. समोरून येतच नाही तो. उभं माणूस त्याला माणूस दिसतं, वाकलेलं माणूस जनावर दिसतं, आणि तो मानेलाच धरतो. आम्ही पोरी गेलो तेव्हा तिथे तिचा विळा आणि अर्धी पेंढी गवत होतं, नीट बांधायला ठेवलेलं. त्यानंतर माय आम्हाला सारखी मागे वळून पाहायला बजावायची, "वाकलीस का मांगं पाय. दोन कांड्या काप, मांगं पाय." कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसायची, भिंतीला टेकून. घरी माझं टायपिंगचं टेबल असं लावलेलं आहे की दार मला समोर दिसावं. विक्की हसतो, म्हणतो, कॉम्प्युटरवर वाघ येते का तुझ्या. येत नाही. पण मागे कोण आहे ते मला कळावं लागतं.

मैदानावर मुलींची मधली सुट्टी चालली होती आणि मी वेण्या मोजत गेले. दोन, दोन, दोन, बॉबकट, दोन. मदीहा पायऱ्यांवर एकटी बसली होती, डोक्याभोवती पांढरी ओढणी घट्ट गुंडाळून. एरवी ती शाळेत डोकं झाकत नाही. तिनं मला पाहिलं आणि मान फिरवली. नीलू शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी होती, चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढत.

मॅडमनी खुर्ची दिली. त्या वाईट बाई नाहीत. त्रेसष्ट मुली आहेत त्यांच्या वर्गात.

"आता बघा ताई," त्या म्हणाल्या, "सकाळी कुणीतरी त्या मदीहाची ओढणी ओढली, तर एक वेणी इथपर्यंतच. मी विचारलं, कोणी कापली? तर म्हणाली, नीलूनं. बस, एवढंच. मग रडणं सुरू. मी हिला बोलावलं. हिला विचारलं, कापली का? हो म्हणाली."

"हो म्हणाली?"

"हो. काऊन कापली, तर माहीत नाई. आणि हसली हो! समोर ती पोरगी रडून राह्यली आणि ही हसते." मॅडमनी आवाज खाली आणला. "मी अजून वर कळवलं नाही. पण मुलगी कोणाच्या घरची आहे ते तुम्हाला समजते. आजकाल कशाचं काय होईल सांगता येत नाही. तुम्ही एक हमीपत्र देऊन ठेवा. पुन्हा असं झालं तर तुम्ही स्वतःहून दाखला काढून न्याल, एवढं लिहा. म्हणजे मलाही वर काही सांगता येईल."

मी नीलूकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, माझ्या तोंडाकडे, जसं ती नेहमी पाहते, माणूस बोलत असलं की डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी तेव्हा तिला बाहेर नेऊन विचारू शकले असते. मदीहाच्या शेजारी पायरीवर जाऊन बसू शकले असते. पण मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला आणि कोरा कागद पाहिला की माझा हात आपोआप चालतो. मी लिहिलं: माझ्या पाल्याकडून सहाध्यायी विद्यार्थिनीबाबत जे अशोभनीय कृत्य घडले आहे त्याची पालक या नात्याने मला पूर्ण जाणीव असून त्याबद्दल मी मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. सदर वर्तनाची पुनरावृत्ती झाल्यास. असं पाऊण पान. कुठे खाडाखोड नाही.

"किती सुंदर लिहिता हो तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

आणि मला बरं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं.

"विद्यार्थिनीची पण सही लागेल."

नीलू आली. तिनं कागदावर बोट ठेवलं, 'अशोभनीय'वर येऊन बोट थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं.

"काय लिहिलं?"

"सही कर," मी म्हटलं.

तिनं केली. नीलिमा, आणि पुढे बापाचं नाव, आणि आडनाव, एकेक अक्षर काढत, जीभ दातांत धरून. मग तो कागद मॅडमनी हिरव्या फायलीत लावला.

दुपारभर मी कुणाचं तरी बाराव्या पानापासूनचं काम टाइप करत बसले आणि एकही ओळ धड झाली नाही. मला राहून राहून वाटत होतं की गल्लीत माणसं जमतील. कोण काय बोलेल ते मी आधीच दोन्ही बाजूंनी बोलून ठेवत होते. नूरचाचा ओरडणार नाहीत, ते कधी ओरडत नाहीत. ते दुकान बंद करतील आणि शांतपणे दारात येतील, आणि ते जास्त वाईट. खातूनभाभी बोलणं टाकेल. नीलूच्या वयात मी कशी होते हे आठवून पाहत होते. मला तर सगळं सांगता यायचं, सुकरीमावशीचं मी पाहुण्यांना इतकं नीट सांगायची की बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि पुन्हा सांग म्हणायच्या. मला तेव्हाही आवडायचं, त्यांनी पुन्हा सांग म्हटलेलं. नीलू साडेपाचला आली, दप्तर ठेवलं, ड्रॉवरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई, ते..." म्हणाली. मी म्हटलं, हात-पाय धू. ती गेली.

सहाला दार वाजलं. खातूनभाभी होती. दोन्ही हातांत मिठी मारल्यासारखी आमची रजई धरली होती, नवी भरलेली, टाके घातलेली, इतकी फुगलेली की तिच्यामागे भाभीचे फक्त डोळे दिसत होते.

"धर वं आधी, हात गेले माझे," ती म्हणाली. "चाचांनी बाकी सगळ्यांच्या बाजूले टाकून तुमची भरली. दुपारपासून दुसऱ्या कोनाचं काम हातात घेतलं नाई. मी म्हटलं अब्बा, लोकं ओरडून राह्यले. तर म्हणे, ओरडू दे."

मी रजई घेतली. 

"नीलू कुठी आहे? नीलू! इकडं ये बेटा." नीलू मोरीच्या दारातून ओल्या पायांनी आली आणि भाभीनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरून छातीशी ओढलं, इतकं जोरात की नीलूची मान वाकडी झाली. भाभीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागानं बोलत होती. "आमची ती बेवकूफ, तिले हजार बार सांगितलं मशीनले हात लावू नको. काल चाचा नमाजले गेले. दहा मिनिटं. हिले दाखवते म्हणे रुई कशी उडते. केलं बटन चालू आन् वाकली खाली, पट्ट्याजवळ काई पडलं होतं ते उचलाले. वेणी गेली पट्ट्यात. समजलं का रंजीता? वेणी गेली आन् डोकं चाललं मांगं मांगं. तिच्या तोंडातून आवाज निंगेना. आन् ह्या पोरीनं," भाभीनं नीलूला हलवलं, "चाचाची कात्री उचलली आन् कचाकचा कापली. चाचा म्हणते, बटन पल्याडच्या भिंतीवर आहे. दुसरं कोनी असतं तर बटन बंद कराले धावलं असतं. मी पन धावली असती. आन् तेवढ्यात माझ्या पोरीच्या डोक्याची कातडी..." मग एकदम हसली, पदरानं नाक पुसलं. "आता ती म्हणते दुसरी पन कापा, बॉबकट करा. चाचाले चक्करच आली."

मी रजई धरून उभी होते. ती गरम होती, नुकती उन्हातून आणल्यासारखी.

"मदीहानं दुपारीच शाळेतून घरी येऊन सांगितलं," भाभी म्हणाली. "रडत रडत. काल हिलेच म्हणे, दप्तरात टाक, घरामांगं पुर, कोनाले सांगू नको. आमच्यात कापलेले केस फेकत नाईत ना, मातीत घालतात. आमच्या घरी पुरले तर चाचाले दिसते, म्हणून तुमच्या घरामांगं. पुरले का गं नीलू?"

नीलूनं कपाळावर हात मारला. चट्‌.

दप्तरात टाक. पुर. कोणाला सांगू नको. पहिलं केलं होतं. शेवटचं तर असं केलं होतं की मॅडमसमोर, माझ्यासमोर, कागदावर सही करतानाही सुटलं नव्हतं. मधलं राहून गेलं होतं.

मी ड्रॉवर उघडला, वेणी काढली, ती प्रश्नावली तिच्याबरोबर वर आली तशी पुन्हा आत ढकलली. मोरीमागे पपईच्या झाडाशी नीलूनं खुरप्यानं खड्डा केला, भाभीनं ओठांतल्या ओठांत काही म्हणत वेणी ठेवली. लाल रिबीन नीलूनं आधी सोडवून घेतली. "मदीहाची आहे," म्हणाली, आणि घडी करून भाभीच्या हातात दिली.

निघताना भाभी दारात थांबली. "मदीहा सांगत होती, तुले शाळेत बोलावलं होतं म्हणे? काई लिहून घेतलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "ते हजेरीचं होतं."

"मी उद्या जातेच मॅडमकडे. सांगते सगळं. नीलूचं नाव घ्याले पाहिजे होतं चारचौघांत, उलटं झालं." आणि ती गेली. उद्या मॅडम हिरवी फाईल उघडतील आणि तिला तो कागद दाखवतील. किती सुंदर लिहिलं आहे नीलूच्या आईनं.

मी दार लावलं. विक्की यायला अर्धा तास होता. नीलू पलंगावर रजईत हात खुपसून बसली होती.

"नीलू," मी म्हटलं, "मले सांग ना, काय झालं काल." मला सगळं माहीत होतं. पण मला ते तिच्याकडून हवं होतं, अजूनही, आख्खं, क्रमानं. का हवं होतं? खात्री करायला? भाभीचं आणि हिचं जुळतं का पाहायला? मला खरंच वाटत होतं की मी प्रेमानं विचारते आहे.

"ती... बटन... मी नाई, ती. मग पट्टा. नाई, आधी वाकली..." ती थांबली. मी वाट पाहिली. या वेळी मी खरंच वाट पाहिली. ती उठली, स्टूल आणलं, प्रिंटरच्या टेबलासमोर ठेवलं. "बस," म्हणाली. "हे मशीन. तू मदीहा."

मी बसले. दाराकडे पाठ होती. तिनं माझी वेणी हातात घेतली, प्रिंटरकडे ताणली. "वाक." मी वाकले. "आता पट्टा ओढते." तिनं हळूच ओढलं. तिचा आवाज मोकळा होता, खेळताना असतो तसा, आणि त्यात सगळं होतं, आधी काय, नंतर काय. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. माझी कागद कापायची कात्री कुठे असते तिला माहीत आहे. "आता मी," ती माझ्या मागून म्हणाली.

मला सगळं माहीत होतं. रजई समोर पलंगावर होती. पपईखालची माती अजून ओली होती. मानेच्या मागे, केसांच्या खालच्या कडेला, लोखंड गार लागलं, आणि माझी मान निघून गेली. मी नेली नाही. ती गेली. खांदे वर आले, स्टूल घसरलं, आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते, दोन्ही हात मानेवर.

नीलूचा हात हवेत तसाच होता. कात्री मिटलेलीच होती. ती उघडलीच नव्हती.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, ओठांकडे.

"काऊन सरकली?" तिनं विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. सुकरीमावशीपासून ते ड्रॉवरमधल्या बेचाळीस प्रश्नांपर्यंत आणि हिरव्या फायलीपर्यंत, एकही दुवा न गाळता, मला ते सांगता आलं असतं.

"माहीत नाई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही, डोळे बारीक करून पाहिलं नाही. कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर पुरा बंद केला, आडवं पडलेलं स्टूल सरळ केलं.

"होते तसं कधी कधी," ती म्हणाली.